गाईडच्या प्रकल्पात सहलेखक व्हायचं, तर आधी काय ठरवावं?

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही राज्यशास्त्रात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहात. प्रबंधाचा विषय मराठवाड्यातल्या महिला सरपंच. तुमच्या गाईड मॅडमना आयसीएसएसआरचा (भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचा) प्रकल्प मिळालाय आणि त्यात मराठवाड्यातल्याच काही मतदारसंघांत घरोघरी सर्वेक्षण करायचं आहे. मॅडम म्हणाल्या, ‘फील्ड तू सांभाळ, मग आपण दोघी मिळून दोन-तीन पेपर काढू.’ तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत. हो म्हणू का? पेपरवर नाव कुणाचं आधी? तो डेटा माझ्या प्रबंधात चालेल का? आणि मध्येच पटलं नाही, तर विद्यार्थिनीने कितपत बोलावं?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हो म्हणा. निवडणुका आणि मतदार यांचा अभ्यास हे आपल्याकडे एकट्यादुकट्याचं काम कधीच नव्हतं. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी १९६३ साली दिल्लीत सीएसडीएस ही समाजविज्ञानातल्या संशोधनाची संस्था सुरू केली आणि १९६७च्या सार्वत्रिक निवडणुकीत तिथून देशपातळीवरचा मतदारांचा पहिला मोठा अभ्यास झाला. १९९६ पासून हे अभ्यास सातत्याने होऊ लागले, १९९७ मध्ये त्यासाठी ‘लोकनीती’ हा स्वतंत्र उपक्रम उभा राहिला. हे सगळं शक्य झालं ते राज्याराज्यांतल्या विद्यापीठांतले आणि कॉलेजांतले प्राध्यापक आपापल्या विद्यार्थ्यांना घेऊन उतरले म्हणून. महाराष्ट्रात सुहास पळशीकर, राजेश्वरी देशपांडे, नितीन बिरमल यांनी निवडणुकांवर मिळून केलेलं लिखाण तुम्ही कोर्सवर्कला वाचलं असेलच. त्या लेखांतल्या प्रत्येक तक्त्यामागे मतदारयादीतला पत्ता शोधत फिरलेली मुलंमुली आहेत. या कामातून जे शिकायला मिळतं ते संशोधनपद्धतीच्या तासाला मिळत नाही. तेव्हा संधी सोडू नका.

पण तुमचा दुसरा, तिसरा आणि चौथा प्रश्न मला वेगवेगळे वाटत नाहीत. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. पेपरवर नाव लागतं म्हणजे त्यातल्या प्रत्येक आकड्याला उत्तर देण्याची जबाबदारी येते. ही जबाबदारी कोण, किती आणि कशाच्या जोरावर घेणार, हे काम सुरू होण्याआधी ठरलं की नावांचा क्रम, डेटाचा हक्क आणि मतभेदाची सोय, तिन्ही गोष्टी मार्गी लागतात. ते न ठरवता काम सुरू केलं की काय होतं, याचं आमच्या विषयातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ते जरा सविस्तर सांगते, कारण त्यात विद्यार्थीही आहेत आणि प्राध्यापकही, आणि दोघांच्या वागण्यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

डिसेंबर २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक पेपर आला. लेखक दोन. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत पीएचडी करणारा मायकेल लाकूर आणि कोलंबिया विद्यापीठातले डोनाल्ड ग्रीन. ग्रीन म्हणजे राज्यशास्त्रात प्रत्यक्ष मैदानी प्रयोगांची पद्धत रुजवणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एक. पेपरचा दावा असा, की समलैंगिक कार्यकर्त्याने दारात येऊन वीसेक मिनिटं बोललं की समलिंगी विवाहाबद्दलचं मतदाराचं मत बदलतं आणि तो बदल महिनोन्‌महिने टिकतो. एवढा मोठा आणि टिकाऊ परिणाम यापूर्वी कुणाला सापडला नव्हता. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला, लाकूरला प्रिन्स्टनमध्ये नोकरीही देऊ झाली.

बर्कलीच्या डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काला या दोन विद्यार्थ्यांना हा अभ्यास इतका आवडला की त्यांनी त्याच धर्तीवर मायामीत स्वतःचा अभ्यास हाती घेतला. पूर्वतयारीत त्यांच्या लक्षात आलं की लोक सर्वेक्षणाला प्रतिसाद देण्याचं प्रमाण लाकूरने दाखवलेल्या प्रमाणाच्या जवळपासही जात नाही. आपलं काय चुकतंय हे कळावं म्हणून त्यांनी लाकूरने ज्या सर्वेक्षण कंपनीचं नाव सांगितलं होतं तिच्याकडे चौकशी केली. कंपनीने सांगितलं, असं काम आमच्याकडे झालेलंच नाही. मग त्यांनी आकडे तपासायला घेतले. लाकूरचा पहिल्या फेरीचा डेटा आधीच उपलब्ध असलेल्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणाशी जुळत होता आणि पुढच्या फेऱ्यांतले बदल खऱ्या माणसांच्या उत्तरांत दिसत नाहीत इतके नीटनेटके होते. येलचे पीटर अरोनाव यांना सोबत घेऊन मे २०१५ मध्ये त्यांनी अहवाल प्रसिद्ध केला. ब्रुकमनला त्याआधी शंका आल्या होत्या, तेव्हा ‘यात पडू नकोस, तुझ्या करिअरला बरं नाही’ असं सांगणारे हितचिंतक भेटले होते. तरी तो मागे हटला नाही.

आता ग्रीन यांची बाजू पाहा. त्यांनी अभ्यासाच्या आखणीत सल्ला दिला होता, लिखाणात हात घातला होता, पण डेटा गोळा होताना आणि कंपनीकडून येताना त्यांनी स्वतः पाहिला नव्हता. विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठाचा, सर्वेक्षणाचं सगळं त्याच्या हातात. लाकूरच्या विद्यापीठातल्या मार्गदर्शक लिन व्हावरेक यांनी मूळ डेटा मागितला, तेव्हा तो चुकून पुसला गेला असं उत्तर मिळालं. अहवाल हातात पडल्यावर ग्रीन यांनी मात्र टाळाटाळ केली नाही. त्यांनी स्वतःच ‘सायन्स’ला पत्र लिहून पेपर मागे घ्या असं कळवलं आणि २८ मे २०१५ रोजी तो मागे घेतला गेला. उत्तरदात्यांना दिलेल्या मोबदल्याची आणि अर्थसाहाय्याची माहितीही खोटी निघाली. प्रिन्स्टनची नोकरी गेली.

या गोष्टीचा शेवट मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो फारसा सांगितला जात नाही. ब्रुकमन आणि काला यांनी मायामीतला स्वतःचा अभ्यास पूर्ण केला. ५६ कार्यकर्ते, ५०१ मतदार, दारात सुमारे दहा मिनिटांचं संभाषण, विषय पारलिंगी व्यक्तींबद्दलचा पूर्वग्रह. पूर्वग्रह खरोखर कमी झाल्याचं दिसलं आणि तो परिणाम किमान तीन महिने टिकला. २०१६ मध्ये हा पेपरही ‘सायन्स’मध्येच आला. म्हणजे मूळ कल्पनेत दम होता. नव्हता तो आकड्यांमागचा खरा माणूस.

तुमच्या मॅडम प्रामाणिक आहेत, तुम्हीही आहात. फसवणुकीची भीती घालायला मी हे सांगितलं नाही. एकाने फील्ड बघायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, अशी कामाची सरळ वाटणी झाली की प्रामाणिक माणसांच्या पेपरमध्येही चुका शिरतात आणि त्या पकडायला कुणी उरत नाही. ऑगस्ट २०२५ मधली आपल्याकडची घटना आठवा. महाराष्ट्रातल्या काही मतदारसंघांत लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांच्या दरम्यान मतदारसंख्या कशी बदलली याचे आकडे लोकनीतीच्या सहसंचालकांनी समाजमाध्यमावर टाकले, दोन दिवसांत मागे घेतले आणि जाहीर माफी मागितली. कारण सांगितलं ते असं, की आकड्यांवर काम करणाऱ्या गटाकडून तक्त्यातली ओळ चुकीची वाचली गेली. त्यावरून पोलीस तक्रारींपर्यंत प्रकरण गेलं. एवढ्या अनुभवी ठिकाणी असं होऊ शकतं, तर विद्यापीठातल्या दोन माणसांच्या प्रकल्पात दुसऱ्या डोळ्यांनी तपासणी हवीच हवी.

म्हणून मॅडमकडे पहिली मागणी नावाची करू नका. ‘मॅडम, मूळ फॉर्म आणि डेटाची फाइल आपल्या दोघींकडे पहिल्या दिवसापासून असू द्या, आणि फील्डला निदान सुरुवातीचे काही दिवस तुम्हीही चला,’ एवढं म्हणा. माझ्या अनुभवात ही विनंती कुठल्याही चांगल्या गाईडला आवडते. यात संशय नाही, उलट कामाची आच दिसते.

आता फील्डच्या कामाबद्दल. ‘फील्ड सांभाळ’ या दोन शब्दांत किती बौद्धिक काम दडलंय याचा अंदाज बहुतेक विद्यार्थ्यांना नसतो, आणि म्हणून ते स्वतःला नुसते हमाल समजत राहतात. एकच जागा जवळून दाखवते.

चांगल्या सर्वेक्षणात मतदान केंद्रं निवडली जातात, मग त्या केंद्राच्या मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावं काढली जातात आणि त्याच व्यक्तीची मुलाखत घ्यायची असते. ती घरी नाही म्हणून शेजारच्याला बसवायचं नाही. यादीतला घर क्रमांक गावात कुणालाच ठाऊक नसतो. एकाच नाव-आडनावाच्या तीन बायका निघतात, मग नवऱ्याचं नाव आणि वय जुळवून पाहावं लागतं. यादीतली मुलगी लग्न होऊन गेलेली असते, किंवा पूर्ण कुटुंब ऊसतोडीला गेलेलं असतं. बीडसारख्या जिल्ह्यात सर्वेक्षण ऑक्टोबरनंतर केलं तर नमुन्यातून नेमके कोण गळणार हे तुम्हाला कळलं पाहिजे. मॅडमच्या केबिनमध्ये बसून ते कळणार नाही.

ही व्यक्ती एकदाची सापडली आणि मुलाखत सुरू झाली. शेवटाकडे जातीचा प्रश्न येतो. मराठवाड्यात आज या प्रश्नाला कशी उत्तरं येतात? एक जण सांगतो मराठा. दुसरा सांगतो शहाण्णव कुळी. तिसरा म्हणतो, ‘आम्ही मराठाच, पण आता कुणबीचा दाखला निघालाय.’ चौथा म्हणतो, ‘काय लिहायचं ते लिहा, अर्ज टाकलाय.’ २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर मराठ्यांच्या निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा समाजासाठी दहा टक्के आरक्षणाचा कायदा झाला, सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे कुणबी दाखल्यांचा शासन निर्णय निघाला. या तीन वर्षांत त्याच माणसाने त्याच प्रश्नाला दिलेलं उत्तर बदललेलं असू शकतं. शिवाय विदर्भातला कुणबी आणि मराठवाड्यातला दाखलाधारक कुणबी हे राजकीयदृष्ट्या एक नव्हेत.

जुन्या सर्वेक्षणांच्या संकेतवहीत (कुठल्या उत्तराला कोणता कोड द्यायचा त्या यादीत) ‘मराठा-कुणबी’ असा एकच गट पुष्कळदा धरला जातो. मॅडम त्याच सवयीने तो कोड देऊन मोकळ्या होतील, कारण जुन्या आकड्यांशी तुलना करायची असते, आणि त्यांचं म्हणणं रास्तच आहे. पण फील्डवर ऐकलेलं तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या तक्त्यात ओबीसींची मतं कुठे गेली, मराठ्यांची कुठे गेली, हे सगळं या एका निर्णयावर हलतं. यावर माझा ठाम सल्ला: फॉर्ममध्ये तीन जागा ठेवा. उत्तर देणाऱ्याने तोंडून जे सांगितलं ते जसंच्या तसं, हातात कोणता दाखला आहे ते, आणि अभ्यासकांनी नंतर दिलेला गट. पहिल्या दोन जागा फील्डवर भरायच्या, तिसरी दोघींनी बसून भरायची. कुठला निर्णय कोणत्या तारखेला, का घेतला, याची एक वही ठेवायची. गट बदलून तक्ता दोन्ही प्रकारे काढायचा आणि फरक पडत असेल तर पेपरमध्ये तो सांगायचा.

हा निर्णय घेण्यात तुमचा सहभाग असेल, तर तुम्ही सहलेखिका आहात. दुसऱ्याने ठरवलेला फॉर्म नुसता भरून आणला असेल, तर तुम्ही अन्वेषक आहात. त्याचं मानधन मिळावं आणि पेपरच्या सुरुवातीला आभार मानले जावेत, पण लेखकत्व तिथून येत नाही. हे दोन्ही बाजूंना लागू आहे. प्रकल्प आणला म्हणून गाईडचं नाव आपोआप लागत नाही. प्रश्न मांडणं, आखणी, विश्लेषण, लिखाण यांतलं काहीतरी त्यांनी केलेलं असावं, आणि पेपरला आव्हान आलं तर दोघींपैकी कुणालाही उभं राहून उत्तर देता यावं. अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेच्या आचारसंहितेत तर स्पष्टच म्हटलंय की विद्यार्थ्याच्या प्रबंधावर केवळ मार्गदर्शक म्हणून सहलेखकत्वाचा हक्क सांगता येत नाही. आपल्याकडे प्रबंधातल्या प्रकरणाचा पेपर पाठवताना गाईडचं नाव घालण्याची रीत पडून गेली आहे. ही रीत मला मान्य नाही आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी ती पाळत नाही.

एक मुंबईचं उदाहरण यासाठी मुद्दाम सांगते. रिखिल भवनानी स्टॅनफर्डला पीएचडी करत होते तेव्हा त्यांनी मुंबई महापालिकेच्या वॉर्डांवर काम केलं. १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव असलेले वॉर्ड २००२ मध्ये खुले झाले, आणि आरक्षण सोडतीने ठरत असल्यामुळे राखीव झालेले आणि न झालेले वॉर्ड यांची तुलना एखाद्या प्रयोगासारखी करता येत होती. त्यांना दिसलं की मागच्या वेळी राखीव असलेल्या वॉर्डातून, आरक्षण उठल्यानंतरही, महिला निवडून येण्याची शक्यता जवळपास पाचपट होती. २००९ मध्ये हा पेपर अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेच्या मुख्य नियतकालिकात आला, एकट्याच्या नावाने. प्राध्यापकांनी वाचून सूचना केल्या असतील, पण सूचना करणं हे गाईडचं कामच असतं. तुमचा प्रबंधविषय याच जातीचा आहे. २०११ पासून महाराष्ट्रातल्या पंचायतींत महिलांना पन्नास टक्के आरक्षण आहे, आणि सरपंचाची थेट निवडणूक २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. लोकांनी थेट निवडलेली महिला सरपंच आणि सदस्यांनी निवडलेली महिला सरपंच यांच्या कारभारात काय फरक पडतो, हा प्रश्न सोन्यासारखा आहे. तो प्रकल्पाच्या गर्दीत देऊन टाकू नका. तुमच्या एकटीच्या नावाचा एक पेपर त्यातून यायला हवा, आणि हे मॅडमना आजच सांगा.

आता नावांचा क्रम. यावर आपल्याकडे उघडपणे बोलणं अवघड वाटतं, पण त्यामागे साधा हिशेब आहे आणि तो दोघींना माहीत असलेला बरा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) प्राध्यापकांच्या निवड-बढतीसाठीच्या २०१८च्या नियमावलीत सामाजिक शास्त्रांतल्या एका पेपरला दहा गुण आहेत. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला सत्तर टक्के, म्हणजे सात-सात. तिथे पहिलं नाव कुणाचं याने गुणांत काहीच फरक पडत नाही. तीन किंवा जास्त लेखक झाले की पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला सात आणि बाकीच्या प्रत्येकाला तीन. भांडणं होतात ती इथे. म्हणून ओळखीतलं किंवा विभागातलं तिसरं नाव कुणी सहज म्हणून जोडायला लागलं, तर त्याची किंमत तुम्ही मोजणार आहात हे ध्यानात ठेवा. तिसऱ्या व्यक्तीने खरंच काम केलं असेल तर आनंदाने नाव लावा.

दोघींच्या पेपरमध्ये माझी पद्धत अशी आहे: ज्या पेपरचा पहिला कच्चा खर्डा जिने लिहिला आणि विश्लेषण जिने चालवलं, तिचं नाव आधी. काम अगदी सारखं असेल तर आडनावाच्या अक्षरक्रमाने, आणि तसं तळटीपेत लिहायचं. दोन-तीन पेपर होणार असतील तर कुठला कोण पुढे नेणार हे वाटून घ्या. पुढे कामाचा भार बदलला तर क्रमही बदलेल, हेही आत्ताच म्हणून ठेवा. नोकरीच्या मुलाखतीत तुम्हाला ‘यात तुमचं काम कुठलं?’ असं विचारलं जाणार, तेव्हा ठासून सांगता येईल असा किमान एक पेपर तुमच्या नावाने सुरू होणारा असावा.

डेटा प्रबंधात वापरण्याबद्दल. वापरता येतो, पण तोंडी ‘हो गं, वापर की’ यावर राहू नका. प्रकल्पाच्या मंजुरीपत्रात डेटाबद्दल काय अटी आहेत ते मॅडमसोबत बसून वाचा. सर्वोत्तम मार्ग असा, की प्रश्नावलीतच महिला सरपंचांविषयीचे काही प्रश्न तुमच्या प्रबंधासाठी म्हणून घालायचे, ते तुम्ही तयार करायचे, आणि त्या भागावर पहिला हक्क तुमचा असं लिहून ठेवायचं. बाकीचा डेटा श्रेय देऊन वापरायचा. संयुक्त पेपरमधला मजकूर मात्र प्रबंधात जसाच्या तसा उचलू नका. २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात, आणि एप्रिल २०२० मध्ये यूजीसीने स्वतःचाच मजकूर उल्लेखाशिवाय पुन्हा वापरण्याबद्दलही सूचना काढली आहे. प्रबंधाच्या प्रतिज्ञापत्रावर सही तुमची असते. ‘हे प्रकरण अमुक संयुक्त पेपरवर आधारित आहे, त्यात माझं काम हे’ अशी दोन वाक्यं प्रकरणाच्या सुरुवातीला घाला, व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, कुणी बोट ठेवणार नाही.

आणखी एक, घाईबद्दल. २०१६च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी एक पेपर आणि परिषदांतली दोन सादरीकरणं सक्तीची होती. नोव्हेंबर २०२२च्या नियमांतून यूजीसीने ती सक्ती काढली. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट असेल तर ती पाहा, पण नुसत्या अटीसाठी पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकात हा डेटा घालवू नका. एक पेपर इंग्रजीत ‘ईपीडब्ल्यू’ (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) किंवा ‘स्टडीज इन इंडियन पॉलिटिक्स’च्या तयारीने लिहा, आणि एक मराठीत, ‘समाज प्रबोधन पत्रिके’सारख्या ठिकाणी. ज्यांनी दारात उभं राहून तुम्हाला वेळ दिला, त्यांच्या जिल्ह्यातल्या कॉलेजांत तो वाचला जाईल. परीक्षक मंडळी मराठी पेपरला कमी लेखतात हे मला माहीत आहे, तरीही लिहा.

पैशांचं थोडक्यात: फेलोशिप चालू असेल तर प्रकल्पातून वेगळं मानधन बहुतेक ठिकाणी चालत नाही, नियम आधी तपासा. प्रवास, राहणं, झेरॉक्स यांची बिलं स्वतःच्या फेलोशिपमधून भागवत बसू नका. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपचे हप्ते वेळेवर येत नाहीत म्हणून आमच्या कितीतरी मुलांनी उपोषणं केली आहेत. अशा मुलांनी प्रकल्पाचा खर्च पदरचा करावा, ही अपेक्षाच गैर आहे. आगाऊ रक्कम मागून घ्या.

राहिला मतभेदाचा प्रश्न. गाईडशी वाद घालायला आपल्याकडे धाडस लागतं, कारण सहामाही प्रगती अहवालावर सही त्यांची, शिफारसपत्र त्यांचं, आणि व्हायवाची तारीखही बऱ्याच अंशी त्यांच्याच हातात. म्हणून वाद मतांचा होऊ देऊ नका, तक्त्यावर आणा. ‘मॅडम, मला हे पटत नाही’ यापेक्षा ‘मॅडम, मी दोन्ही प्रकारे काढून पाहिलं, हे असं येतंय’ हे वाक्य कितीतरी पुढे जातं. हातात दोन तक्ते असले की गाईडही खुर्ची पुढे ओढून बसतात. हार्वर्डच्या गॅरी किंग यांच्या पद्धतीच्या वर्गात विद्यार्थी जोडीने एखादा प्रसिद्ध पेपर मूळ डेटावरून पुन्हा करून पाहतात आणि आपलं काम दुसऱ्या जोडीला तपासायला देतात. तुम्ही फील्डला जाण्याआधी मॅडमसोबत हेच करा. महाराष्ट्रावरचा एखादा जुना पेपर घ्या आणि त्यातले निवडणूक निकालांचे तक्ते पुन्हा काढा. फॉर्म २० वर केंद्रनिहाय मतं असतात, त्याच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर आहेत. दोघींनी एकाच मतदारसंघाचे आकडे वेगवेगळे भरा आणि जुळवा. कुठे जुळत नाहीत, का जुळत नाहीत, यावर बोलताना तुमचं एकमेकींशी काम करणं कसं जमेल हे आपोआप कळेल, आणि मॅडमना तुमच्या कामाचा भरवसाही बसेल.

एखादा आकडा खटकला तर गप्प राहू नका, मग तो मॅडमनी काढलेला असला तरी. आणि तुमच्या हाताखालच्या अन्वेषकांच्या फॉर्ममध्ये काही खटकलं, तर तेही त्याच दिवशी सांगा. एका मुलाचे सगळे फॉर्म सारख्याच वेळेत संपलेले, ‘सांगता येत नाही’ हे उत्तर एकाही फॉर्मवर नाही, फोन नंबर दिलेले पण लागत नाहीत, ही ठळक लक्षणं. काही घरी पुन्हा जाऊन यायचं. महिला सरपंचांच्या मुलाखतीत तर उत्तर देताना शेजारी कोण बसलं होतं याची नोंद प्रत्येक फॉर्मवर हवी. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नवरा किंवा दीर बोलत राहतो आणि बाई मान हलवत राहते. तुम्ही बाई म्हणून तिच्यासोबत आतल्या खोलीत जाऊ शकता, तिथे तीच बाई चौदाव्या-पंधराव्या वित्त आयोगाचा निधी कशावर खर्च झाला ते तारखेनिशी सांगते. दोन्ही मुलाखतींचे फॉर्म वेगळे ठेवा. नावं आणि फोन नंबर असलेली फाइल उत्तरांच्या फाइलपासून वेगळी ठेवा आणि ती कुणालाही, अगदी विभागातल्या सहकाऱ्यालाही, व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

हे सगळं लेखी कसं आणायचं, ही तुमची खरी अडचण असणार. करारनामा म्हणून कागद पुढे केला तर बहुतेक गाईड दुखावतील. त्यापेक्षा एकदा बसून बोला आणि त्याच संध्याकाळी मॅडमना मेल करा: ‘आज ठरलं त्याची माझ्या समजुतीसाठी नोंद करते आहे.’ खाली साध्या शब्दांत लिहा. फील्डचं नियोजन कुणाकडे, संकेतवही दोघींनी मिळून, मूळ डेटा दोघींकडे, पहिल्या पेपरचा खर्डा कुणाचा, सरपंचांचा भाग प्रबंधासाठी, काम बदललं तर क्रमावर पुन्हा बोलू. शेवटी लिहा की काही राहिलं असेल तर दुरुस्त करा. मॅडम ‘ओके’ एवढंच लिहितील, ते पुरेसं आहे. काही दुरुस्त केलं तर आणखी चांगलं, कारण मग त्यांनी ते वाचलंय.

आणि मॅडमनी मूळ डेटा दोघींकडे ठेवायला साफ नकार दिला तर? तर प्रकल्पात मानधनावर काम करा, शिका, फील्ड पाहा, पण ‘पेपरवर माझं नाव घालू नका’ असं नम्रपणे सांगा आणि तुमचा प्रबंध स्वतःच्या मुलाखतींवर उभा करा. पन्नास सरपंच नीट भेटल्या तरी प्रबंध होतो.